जानेवारीत सरळ असलेली कापडी वही जुलैत का वाकते?

मागच्या वर्षी संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण म्हणून मी २४ वह्या घरी बांधल्या. शिंपीकाकांकडून आणलेल्या ब्लाउजच्या कात्रणांचं कव्हर, आत कोरी पानं आणि खुणेसाठी लोकरीचा लाल गोंडा. रथसप्तमीपर्यंत सगळ्या वाटून झाल्या. ज्यांना दिल्या त्यांनी हातात घेऊन, उलटून पालटून कौतुक केलं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात जाऊबाईंचा फोन आला. "अगं, त्या वहीला काय झालंय बघून जा एकदा. मिटतच नाही ती."

जाऊबाई दादरला राहतात, मी गिरगावात. रविवारी गेले तेव्हा त्यांनी वही ओट्यावर आणून ठेवली. वरचं कव्हर पानांपासून बोटभर उचललेलं. दाबलं की खाली जायचं, हात काढला की पुन्हा वर. पानांच्या कडांना लाटा आलेल्या. गोंड्याचा लाल रंग चार-पाच पानांवर उतरलेला. मागच्या कव्हरच्या आतल्या कोपऱ्यात मोहरीएवढे तीन काळे ठिपके, आणि वही नाकाशी धरली तर बंद ट्रंकेचा कुबट वास.

एकाच वहीत सगळी दुखणी दिसली. मग मी ओळखीच्या सगळ्यांकडून वह्या थोड्या दिवसांसाठी परत मागवल्या. १९ हाती आल्या. त्या जमिनीवर ओळीने मांडल्या तेव्हा धड अशा फक्त ३ होत्या.

खरं तर दर पावसाळ्यात असं काही ना काही व्हायचंच. कधी फोटोची कापडी चौकट, कधी शिवणाच्या सामानाचा डबा, कधी गणपतीच्या मखराची कमान. दर वेळी मी ते हवेवर घालायचे आणि सोडून द्यायचे. या खेपेला १९ वह्या शेजारी शेजारी होत्या, म्हणून तुलना करता आली आणि बिघाड कुठे कुठे आहे ते एकदाचं कळलं. ते इथे लिहिते आहे. उदाहरण वहीचं असलं तरी पुठ्ठा, कागद, कापड आणि गोंद जिथे जिथे एकत्र येतात तिथे हे सगळं लागू पडतं. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आल्यापासून घरोघरी मखरंसुद्धा याच सामानाची होतात, आणि ती करायची वेळ नेमकी सगळ्यात दमट महिन्यांत येते.

आधी दिशा बघा

वाकलेली वही हातात आली की आपण लगेच वजनाखाली ठेवतो. तसं करू नका. आधी ती सपाट टेबलावर ठेवून डोळे कव्हरच्या पातळीवर आणा आणि कोणती कड उचलली आहे ते बघा. बिघाड कुठला आहे हे त्या दिशेवरूनच कळतं.

कव्हरची उघडणारी उभी कड वर आली असेल, म्हणजे कव्हर पानांपासून लांब पळत असेल, तर आतला चिकटवलेला कागद ओलीने ताणला गेलाय आणि बाहेरचं कापड तेवढं ताणलं गेलेलं नाही. कव्हर उलट पानांकडे वळून त्यांना कवटाळत असेल, तर आतल्या कागदाची ओढ जास्त आहे. वरची आणि खालची कड उचलून कव्हर होडीसारखं झालं असेल, किंवा एकच कोपरा वर येऊन पीळ पडल्यासारखं दिसत असेल, तर दोष पुठ्ठा कापण्यात आहे. माझ्या १९ पैकी ११ वह्या पहिल्या प्रकारच्या होत्या आणि ५ होडीसारख्या. त्या ५ वह्यांचं कोडं मला सुटत नव्हतं. पुठ्ठा तोच, गोंद तोच, हातही माझाच.

आमच्या गल्लीत वह्या-हिशेबपुस्तकं बांधणारं एक जुनं दुकान आहे. तिथल्या काकांना दोन्ही प्रकारच्या वह्या नेऊन दाखवल्या. त्यांनी एक उघडली, मिटली, पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवला.

"ताई, पुठ्ठा कसा कापलात?"

"पट्टी लावून, कटरने."

"ते नाही विचारत. उभा की आडवा?"

मी म्हटलं, "पुठ्ठ्याला काय उभं-आडवं असतं काका?"

त्यांनी मागच्या ढिगातून हातभर चौकोनी तुकडा काढून माझ्या हातात दिला. "वाकवा. आता फिरवा आणि असा वाकवा." एका बाजूने तो सहज कमानीसारखा वाकला. फिरवल्यावर तोच तुकडा हाताला जोर देऊ लागला, आणखी दाबला असता तर मोडलाच असता.

कारण असं. गिरणीत कागद किंवा पुठ्ठा बनतो तेव्हा ओला लगदा चालत्या जाळीवरून पळतो आणि त्यातले तंतू बहुतांशी त्या पळण्याच्या दिशेने आडवे पडतात. या दिशेला छापखान्यात आणि बायंडरकडे ग्रेन म्हणतात. तंतूला ओल लागली की तो लांबीत जवळजवळ वाढत नाही, जाडीत फुगतो. म्हणून कागद ग्रेनच्या दिशेने होता तेवढाच राहतो आणि ग्रेनला आडवा पसरतो. वहीत पुठ्ठा, आतला कागद आणि पानं या सगळ्यांची ग्रेन शिवणीला समांतर, म्हणजे वही उभी धरली तर वरून खाली हवी. मग पावसाळ्यात सगळेच एका दिशेने, शिवणीपासून बाहेरच्या कडेकडे पसरतात. तिकडे त्यांना मोकळीक असते. ग्रेन आडवी असली तर पान उंचीत वाढायला बघतं, पण एका बाजूला शिवणीने त्याला धरून ठेवलेलं असतं. मग ती वाढ लाटा होऊन बाहेर पडते.

त्या ५ वह्यांचा उलगडा तिथेच झाला. एका मोठ्या पुठ्ठ्यातून उभे तुकडे कापल्यावर बाजूला एक पट्टी उरत होती. ती वाया जाऊ नये म्हणून मी तिच्यातून आडवे तुकडे काढले होते. मापाने तंतोतंत, ग्रेनने उलटे. काटकसरीची ती पट्टी आता मी वह्यांना वापरत नाही. तिचे चहाच्या कपाखाली ठेवायचे गोल काढते.

पुठ्ठ्याची ग्रेन अशी वाकवून कळते. सहज वाकतो तेव्हा दुमड जिथे पडेल, त्या रेषेला समांतर ग्रेन. पातळ कागदाला हे हाताला नीट जाणवत नाही. त्यासाठी कागदाचा बोटभर लांबीचा चौकोन कापा, कोणती बाजू उभी होती त्याची पेन्सिलने खूण करा आणि एकाच बाजूवर ओलं बोट फिरवा. कागद लगेच गुंडाळून नळी होऊ लागतो. नळी जिकडे लांब, तिकडे ग्रेन. वर्तमानपत्रावर करून बघितलं तर फाडूनही कळतं. एका दिशेने सरळ फाटतं, दुसरीकडे वेडंवाकडं.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट सांगते. झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा ए-फोर कागद बहुधा लांब बाजूला समांतर ग्रेनचा असतो, कारण मशीनमधून तो तसा नीट सरकतो. आपण तो मधोमध दुमडतो आणि छोटी वही शिवतो. दुमड पडते आखूड बाजूला समांतर, म्हणजे ग्रेन शिवणीला आडवी. जाऊबाईंच्या वहीतल्या लाटा याच कारणाने आल्या होत्या. उपाय सोपा आहे. ए-थ्री आकाराचा कागद घ्या, त्याची ग्रेन लांब बाजूला आहे ना ते ओल्या बोटाने तपासा, मधून कापून दोन ए-फोर करा आणि मग ते दुमडा. आता ग्रेन दुमडीला समांतर येते. एकदम जास्त वह्या करायच्या असतील तर अब्दुल रहमान स्ट्रीटकडच्या कागदवाल्यांकडून मोठे ताव घ्यावेत आणि ग्रेन बघून कापून मागावेत. घाऊक दुकानदाराला ग्रेन विचारलेली चालते, त्याला ते रोजचं असतं.

हातकागदाला ही कटकट फारच कमी, कारण साच्यात लगदा उचलून हलवताना तंतू चहूकडे पसरतात. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागदाची संस्था आहे. तिथला कागद सुती चिंध्यांच्या लगद्याचा असतो. कापडी वहीच्या आत चिंध्यांचाच कागद, हे मला फार आवडतं. पण तो ओल भरपूर पितो, त्यामुळे पुढे सुकवण्याबद्दल लिहिलंय ते त्याला दुप्पट लागू.

कापड पाण्यातून काढलं होतं का?

ब्लाउजचं अस्तर शिवायला देण्याआधी आपण पाण्यातून काढतो. साडीचा फॉल पाण्यातून काढतो. पण वहीला लावायचं कात्रण मात्र तसंच कोरं लावतो, कारण ते कुठे धुवायचंय, असं वाटतं. ११ वह्यांचं कव्हर बाहेर पळालं त्याचं मोठं कारण हे होतं.

सुती धागा ओला झाला की जाड होतो. जाड झालेल्या बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या, वरखाली जायला ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्याला, जास्त लांबी लागते, ती तो स्वतःच्याच लांबीतून देतो, आणि कापड आखूड होतं. यालाच आपण आटणं म्हणतो. गोंदातल्या पाण्यानेही कापड आटायला लागतं, पण तेव्हा ते पुठ्ठ्याला चिकटत असतं, त्यामुळे ती ओढ पुठ्ठ्यात भरून राहते. जानेवारीत वजनाखाली सुकवलेली वही सरळ दिसते. जुलैत पुठ्ठा ओलीने मऊ झाला की ती अडकलेली ओढ त्याला वाकवते. त्यातच आतला कागद फुगलेला असतो, तो आतून ढकलतो.

म्हणून कात्रणं तासभर साध्या पाण्यात भिजवा, न पिळता दांडीवर निथळत ठेवा आणि किंचित ओली असतानाच ताण्याच्या दिशेने इस्त्री करा. नव्या कापडाची खळ यात निघून जाते, तो वेगळाच फायदा, कारण खळ हे कसरीचं आणि बुरशीचं दोघांचंही खाणं आहे. मंगलदास मार्केटमधून मीटरवर आणलेल्या कोऱ्या कॉटनची खळ एका पाण्यात जात नाही, दोनदा भिजवावं लागतं. बोटांना बुळबुळीत लागायचं थांबलं की झालं.

कात्रण लावताना काठाची बाजू, म्हणजे ताणा, वहीच्या उंचीला समांतर ठेवा. तिरकं कापलेलं कात्रण मोठ्या कव्हरला नकोच. उरेब कापड ब्लाउजच्या गळ्याला छान बसतं ते त्याच्या ताणामुळे, आणि तोच ताण इथे पीळ घालतो. गोधडीसारखी ठिगळं जोडून कव्हर करणार असाल तर सगळी ठिगळं एकाच दिशेची घ्या. मी याचा कंटाळा केला होता आणि एका वहीचं कव्हर चार ठिगळांनी चार दिशांना ओढून अक्षरशः खड्ड्याखड्ड्यांचं झालं.

कापडातून गोंद बाहेर येऊन चिकट डाग पडतात, तेही इथेच थांबवता येतं. कापडाला आधी पाठ लावून घ्यायची. कोरड्या दिवसांत पातळ कागद खळीने कापडाच्या मागे चिकटवून सनमायकावर सुकवतात. मुंबईच्या पावसात त्याला तीन दिवस लागतात, म्हणून जून ते सप्टेंबर मी शर्टाच्या कॉलरला लावतात ते इस्त्रीने चिकटणारं पातळ बकरम वापरते. पाण्याचा थेंब नाही, पाच मिनिटांत काम होतं.

गोंद कमी, पाणी त्याहून कमी

गोंद पसरेना म्हणून आपण त्यात पाणी घालतो. तेच पाणी नंतर आपल्याशी भांडतं. फेविकॉलसारखा पांढरा गोंद पावसाळ्यात मी अजिबात पातळ करत नाही. चपट्या ब्रशने, मधून कडेकडे, इतका पातळ थर की खालचा पुठ्ठा दिसत राहिला पाहिजे. गोंद पुठ्ठ्याला लावायचा, कापडाला नाही.

खळ करायची असेल तर १ भाग मैदा, ६ भाग पाणी, मंद आचेवर सतत ढवळत राहायचं आणि पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवायची. त्याच दिवशी संपवायची. जुने बायंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे. मुलं जिच्यात चित्रं काढणार त्या घरगुती वहीत तो नको. काही जणी तुरटी घालायला सांगतात, तिनेही वर्षांनुवर्षांत कागद आम्लाने पिवळा आणि ठिसूळ होतो. खळ ताजी आणि थोडी असली की कशाचीच गरज पडत नाही.

पुठ्ठ्याच्या बाहेर कापड लावलं की त्याच दिवशी आतला कागदही लावा. बाहेरची ओढ आणि आतली ओढ एकमेकींना तोलतात. मी पूर्वी सगळ्या वह्यांची बाहेरची बाजू शनिवारी आणि आतली पुढच्या शनिवारी करायचे. आठवडाभर पुठ्ठा एकाच बाजूने ओढला जायचा आणि मग कितीही चांगला आतला कागद लावला तरी तो कमीच पडायचा.

सुकणं म्हणजे हाताला कोरडं लागणं नव्हे

माझ्या मते निम्मी हातकामं इथे बिघडतात, म्हणून यावर जरा थांबते.

मी घरात आर्द्रता मोजायचं एक छोटं यंत्र आणून भिंतीला लावलं. जानेवारीच्या दुपारी ते ५० टक्क्यांच्या आसपास असायचं. जुलैत सकाळ-संध्याकाळ ८५च्या खाली यायला तयार नसायचं. सांताक्रूझ वेधशाळेची जुलैची पावसाची सरासरीच ८०० मिलिमीटरच्या वर आहे, तेव्हा यात नवल नाही. पण त्याचा अर्थ असा की जानेवारीत जी वही एका रात्रीत सुकते, तीच जुलैत चार दिवस वजनाखाली ठेवूनही आतून ओली राहू शकते. वरून हात लावला तर कोरडी लागते. पुठ्ठ्याच्या पोटात पाणी असतं.

ओलसरपणा ओळखायला मी वही गालाला लावून बघते. हात कामाने गरम झालेले असतात, त्यांना कळत नाही. गालाला थंड लागली तर आत पाणी आहे. शेजारी एक न चिकटवलेला कोरा पुठ्ठा ठेवा आणि दोन्ही गालाला लावा, फरक लगेच समजतो.

सुकवताना कव्हरच्या दोन्ही बाजूंना कोरा शोषक कागद घाला. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. पहिला कागद तासाभराने बदला, कारण सर्वात जास्त पाणी तेव्हाच निघतं. मग रात्री एकदा, आणि पुढचे चार दिवस रोज एकदा. कागद न बदलता चार दिवस वजनाखाली ठेवलेली वही म्हणजे ओल्या टॉवेलची घडी. वजनाला प्लायवुडचा सपाट तुकडा आणि त्यावर गव्हाच्या पिठाची ५ किलोची पिशवी मला पुरते. घरी पाटा असेल तर उत्तमच. घरात एसी असेल तर गोंद लावण्याआधी तासभर आणि नंतर दोन तास ड्राय मोडवर ठेवा. नसेल तर पंख्याखाली, खिडकी बंद करून. जुलैत खिडकी उघडी ठेवली की हवा खेळत नाही, ओल आत येते.

उन्हात किंवा गॅसजवळ ठेवून घाई केली तर एक बाजू आधी सुकते आणि वही तिकडे वळते. इस्त्री फिरवूनही तेच होतं.

काळे ठिपके

ती बुरशी आहे, आणि तिला ओल, खाणं आणि बंद जागा लागते. खाणं खळीतून आणि कोऱ्या कापडातून मिळालं, ओल अर्धवट सुकलेल्या पुठ्ठ्यातून, आणि बंद जागा मी स्वतः दिली होती. वाण सुंदर दिसावं म्हणून प्रत्येक वही पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून सॅटिनच्या फितीने बांधली होती. बऱ्याच जणींनी ती जपून ठेवायची म्हणून पिशवीतून बाहेरच काढली नाही. ज्या ३ वह्या धड राहिल्या त्यातल्या २ रोजच्या वापरातल्या होत्या. एकीत दुधाचा हिशेब होता, दुसरीत नातवाची चित्रं.

आता मी भेटवस्तू जुन्या सुती साडीच्या रुमालात बांधून देते. कापडातून हवा ये-जा करते.

ठिपके आलेच असतील तर ओल्या फडक्याने पुसू नका, बुरशी पसरते आणि पाणी वाढतं. वही आधी कोरडी करा. मग नाकातोंडावर मास्क लावून, गॅलरीत, मऊ ब्रशने ठिपके हलकेच झाडा. कापडाचा रंग पक्का असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारं ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर अगदी थोडं घेऊन टिपता येतं. आधी आतल्या कोपऱ्यात लावून बघा, काही रंग त्याने उतरतात. घरात दम्याचं माणूस असेल तर ती वही ठेवण्याचा हट्ट धरू नका. डांबराच्या गोळ्या कसरीसाठी असतात, बुरशीला त्यांचा उपयोग नाही, आणि वास मात्र कापडातून महिनोन्महिने जात नाही.

ठेवायची जागाही तपासा. आमच्या चाळीत पश्चिमेच्या भिंतीला पावसाळाभर ओल येते. कपाट त्या भिंतीला टेकलेलं होतं. ते चार बोटं पुढे ओढलं एवढ्यानेच कपड्यांचा वाससुद्धा गेला. वह्या हवाबंद डब्यात ठेवायच्या असतील तर सिलिका जेलचे दाणे घाला, पण झाकण घट्ट हवं. उघड्या कपाटात ते दाणे दोन दिवसांत भरून जातात. रंग बदलणारे घ्या, म्हणजे कधी भरले ते कळतं. निळ्या दाण्यांच्या रंगात कोबाल्ट असतं, ते आरोग्याला वाईट. नारिंगी मिळाले तर ते बरे.

गोंड्याचा लाल रंग

आपण सगळ्याच विणायच्या धाग्याला लोकर म्हणतो, पण बाजारात मिळणारी बहुतेक लोकर ॲक्रिलिकची असते. शंका आली तर धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून पेटवा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि राख बोटात चुरडली जाते. ॲक्रिलिक वितळून काळा कडक मणी होतो. सूत कागदासारखं जळतं. हे मोरीत, शेजारी पाण्याचं भांडं ठेवून करा. ॲक्रिलिकचा रंग बहुधा सुटत नाही. माझे गोंडे सुताचे होते, लाल आणि मरून, म्हणजे रंग सुटण्यात सगळ्यात पुढे.

परीक्षा साधी आहे. धागा ओला करून पांढऱ्या मलमलीच्या घडीत ठेवा, वर वरवंटा ठेवा, रात्रभर राहू द्या. सकाळी मलमल पांढरी असेल तर धागा वापरा. नसेल तर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवत राहा. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात. मी करून पाहिलं, होत नाही. मीठ रंगाऱ्याला रंगवतानाच कामाला येतं, रंगून आलेल्या सुतावर त्याचा जोर चालत नाही. पाच पाण्यांनंतरही रंग सुटत असेल तर त्या धाग्याचं तोरण करा, कागदाजवळ आणू नका.

क्रोशाची फुलं कव्हरवर गोंदाने चिकटवू नका, कडक होतात आणि मागे ओल धरतात. कापड पुठ्ठ्यावर चढवण्याआधी ती सुईदोऱ्याने टाचून घ्या.

वाकलेल्या वह्यांचं काय?

१९ पैकी १६ दुरुस्त करायच्या होत्या. होडीसारख्या ५ वह्यांचे पुठ्ठे उलट ग्रेनचे होते, त्यांना इलाज नाही. मी पानांचा गठ्ठा पात्याने सोडवून नव्या कव्हरात बसवला. कव्हर बाहेर पळालेल्या ११ वह्या मात्र सुधारल्या. आतल्या बाजूला, आहे त्या कागदावरच, आणखी एक पातळ कागद उभ्या ग्रेनचा, पातळ खळीने लावला. ओला असताना तो पसरतो आणि सुकताना आखडून कव्हरला पानांकडे ओढतो. खळीच्या जागी घट्ट गोंद लावला तर कागद पुरेसा भिजत नाही आणि ओढ येत नाही, म्हणून एवढ्या एका कामाला पाणी हवं. मग शोषक कागद आणि वजन, सहा दिवस. एकच थर लावा. एका वहीला घाईने दोन थर लावले होते. ऑगस्टमध्ये ती सरळ दिसली, आणि ऑक्टोबरची गरम कोरडी हवा सुरू झाल्यावर तिचं कव्हर पानांना कवटाळून बसलं.

पानांच्या लाटा पूर्ण जात नाहीत. वजनाने कमी होतात एवढंच. लाल डाग पडलेली पानं मी तशीच ठेवली. जाऊबाईंनी त्यातल्या एका डागाभोवती पेनाने पाकळ्या काढून जास्वंद केली आहे.

या संक्रांतीला १९ वह्या केल्या, त्यातल्या १८ वाटल्या. प्रत्येकीत पहिल्या पानावर चिठ्ठी आहे: "पिशवीत ठेवू नका, रोज उघडा, जूनमध्ये ओलसर भिंतीपासून लांब ठेवा." १९वी वही माझ्याकडे आहे, स्वयंपाकघराच्या खिडकीवरच्या फळीवर, उघडी, जिथे कुकरची वाफही लागते आणि पावसाचा शिंतोडाही. मागच्या आठवड्यात यंत्र ८८ दाखवत होतं. वही खाली काढून टेबलावर ठेवली आणि कव्हरखाली पोस्टकार्ड सरकवून बघितलं. उभ्या कडेखाली ते शिरलं नाही. वरच्या कोपऱ्यात मात्र नखाएवढं गेलं. तिथे कापडाची घडी दुहेरी आहे, जाडी जास्त होते. पुढच्या वह्यांचा कोपरा तिरका कापून, एकेरी दुमडून बघणार आहे.